आधी भट्टीला विचारा

आकाशवाणीवरून बोलावणं आलं की मी वहीतल्या दोन-चार कविता बाजूला काढून ठेवतो. या वेळी मात्र विषय मिळाला, 'आमच्या घरातलं एक यंत्र'. माझं आणि यंत्रांचं नातं दुरून सलाम करण्याइतकंच. बी.ए.ला मराठी घेतलं त्यामागे साहित्याचं प्रेम जितकं होतं, तितकीच गणिताची भीतीही होती. तरी मी होकार दिला. कारण गेल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हननं एक धडा शिकवला आणि त्या प्रकरणात चूक माझी होती. चूक चारचौघांत कबूल केली की जरा हलकं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

माझं लहानपण साताऱ्यात गेलं. तेव्हा कुणाच्या घरी ओव्हन नव्हता. रमजान ईद आठ-दहा दिवसांवर आली की घरोघरी परातीत तूप आणि पिठीसाखर फेसली जायची. त्यात मैदा, थोडं बेसन, थोडा रवा आणि वेलदोडा. आई ती नानकटाई वळून पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायची आणि आम्ही पोरं ते ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जायचो. दिवाळीच्या आधी हीच रांग शेजारच्या आया-बहिणींची असायची. बेकरीतला भट्टीवाला पावाची भट्टी उतरल्यावर आमचे ट्रे आत सरकवायचा. त्याआधी तो चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर टाकून बघायचा. मैदा लगेच काळा पडला की म्हणायचा, "थांबा, अजून तापट आहे." पांढराच राहिला तर दोन लाकडं सरकवायचा. एकदा आमची नानकटाई करपून आली. मी घरी येऊन म्हणालो, "अम्मी, तुझं पीठच बिघडलं होतं." तेव्हा आई आमच्या दखनीत म्हणाली होती, "पहले भट्टी से पूछ, बाद में आटे से." आधी भट्टीला विचार, पिठाला नंतर. हे वाक्य मी पुढे साफ विसरलो.

आता पुण्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. स्वयंपाकघर मॉड्युलर आहे. त्यात ओट्याच्या उंचीवर, लाकडी कपाटात बसवलेला विजेचा ओव्हन आहे. त्याला बिल्ट-इन म्हणतात. समोरून काळी काच, दोन गोल बटणं आणि मध्ये हिरवे आकडे. १८० लावा, तो १८० होतो आणि टिंग वाजतो. माझ्या पत्नीनं आधी त्याला बिचकत हात लावला, मग सहा महिन्यांत त्याला आपलंसं केलं. सोसायटीतल्या बायकांनी नानकटाई चाखली. एकीनं अर्धा किलो मागितली, दुसरीनं एक किलो. बघता बघता तिचा छोटासा व्यवसाय उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या कमाईचे पैसे तिच्या डब्यात जमू लागले. त्यातून ती आपल्या भाचीच्या नर्सिंगच्या फीचा एक हप्ता भरायची. मला याचा अभिमान होता, पण तो मी तिला कधी बोलून दाखवला नव्हता.

गेल्या वर्षी दिवाळीच्या दोन महिने आधी नानकटाई बिघडू लागली. वरून छान गुलाबी, खालून पांढरी आणि ओलसर. दोन बोटांत धरली की तळ चिकटायचा. तिनं तूप कमी करून बघितलं, मैद्याची पिशवी बदलली, पीठ जास्त वेळ मुरत ठेवलं. वेळ वाढवला तर वरचा भाग करपायचा. मग एक डबा परत आला. परत करणारी बाई फार भली होती. म्हणाली, "ताई, पैसे राहू द्या, पण खालून जरा कच्ची वाटली हो." त्या दिवशी पत्नी बराच वेळ ओट्याशी उभी होती.

आणि तेव्हा मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वय झालं आता आपलं. हाताचा अंदाज चुकतो. राहू दे ना, कशाला दगदग?" मला वाटलं मी मायेनं बोलतोय. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या वेळची ती मोठी परात तिनं माळ्यावर चढवून टाकली. डिसेंबरमध्ये भाचीच्या फीचा दुसरा हप्ता होता, तो मुलाकडून घ्यावा लागेल असं ती हळूच म्हणाली.

मुलानं ओव्हनच्या कंपनीच्या केंद्रात फोन केला. एक तरुण आला. त्यानं ओव्हन सुरू केला, १८० लावले, आकडा वर चढताना बघितला, टिंग वाजल्यावर मान हलवली. "डिस्प्ले बरोबर दाखवतोय, म्हणजे ओव्हन ठीक आहे. पिठातच काही असेल." मुलानं जरा जोर धरला तेव्हा म्हणाला, "मग बोर्ड बदलून बघू. तेरा हजार होतील. त्यापेक्षा नवीनच घ्या." तो गेल्यावर घरात सगळे गप्प. हिरवा आकडा १८० सांगत होता आणि एक माणूस, जिनं हजारो नानकटाया वळल्या होत्या, ती सांगत होती की तळ तापत नाही. आम्ही सगळ्यांनी आकड्यावर विश्वास ठेवला.

बोर्ड दुसरीकडे स्वस्त मिळतो का ते बघायला मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. विजेचं सामान घ्यायला पुणेकर तिथेच जातात. एका दुकानदारानं माझी हकिगत ऐकली आणि म्हणाला, "बोर्ड कशावरून गेलाय? आधी आमच्या काकांना विचारा." काका म्हणजे पासष्टीचे एक मिस्त्री. दुकानाच्या पायरीवर बसून चहा पीत होते. त्यांनी यायच्या आधी मला तिथेच चार प्रश्न विचारले. श्रोतेहो, हे प्रश्न तुम्हीही लक्षात ठेवा, बरेचदा मिस्त्रीची गरजच पडणार नाही.

पहिला प्रश्न: "लाइट जाऊन आल्यावर घड्याळ लुकलुकत राहतं का?" कितीतरी ओव्हनमध्ये वीज जाऊन आली की घड्याळ पुन्हा लावल्याशिवाय किंवा हाताचं चिन्ह दाबल्याशिवाय कॉइल सुरूच होत नाही. आतला दिवा लागतो, पण उष्णता नाही. लोक मिस्त्रीला बोलावतात, मिस्त्री घड्याळ लावतो आणि फीचे पैसे घेऊन जातो.

दुसरा: "बटण कुठल्या चित्रावर आहे?" ओव्हनच्या बटणाभोवती बारीक चित्रं असतात. वर एक रेघ आणि खाली एक रेघ म्हणजे वरची आणि खालची कॉइल. पंख्याभोवती गोल म्हणजे मागची गोल कॉइल आणि पंखा. नागमोडी रेघ म्हणजे ग्रिल. चित्र चुकलं की पदार्थ चुकला.

तिसरा: "दार नीट बसतं का?" दाराच्या चौकटीला रबरासारखी पट्टी असते. ती कडक झाली किंवा एखाद्या कोपऱ्यात सुटली तर गरम हवा बाहेर पळते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि ओढून बघायचं. कुठेही सहज निसटून आली तर तिथं फट आहे.

चौथा: "तापायला किती वेळ लागतो? आधी किती लागायचा?" याचं उत्तर मला येत नव्हतं. पत्नीला फोन केला. ती ताबडतोब म्हणाली, "आधी बारा-पंधरा मिनिटं. आता अर्धा तास." काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा. त्यांना माहीत आहे. कंपनीच्या माणसानं त्यांना विचारलं का?" त्यानं विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

काकांनी मला घरी जाऊन दोन गोष्टी करायला सांगितल्या. केक-बिस्किटांचं सामान मिळतं त्या दुकानातून ओव्हनमध्ये टांगायचं साधं तापमापक आणायचं. ते साडेतीनशे रुपयांना मिळालं. ते मधल्या जाळीवर ठेवून ओव्हन १८० वर लावायचा, टिंग वाजल्यावरही वीस मिनिटं थांबायचं आणि मग तीन-चार वेळा काचेतून वाचायचं, कारण ओव्हनची उष्णता थोडी वर-खाली होतच असते. आमच्या तापमापकानं १४५ ते १५०च्या पुढे जायचं नाव घेतलं नाही. दुसरी गोष्ट, ट्रेभर ब्रेडच्या स्लाइस मांडून आठ-दहा मिनिटं भाजायच्या. आमच्या स्लाइस वरून तांबूस झाल्या आणि उलटवल्या तर खालून पिशवीतून काढल्या तशा पांढऱ्या. मग तोच प्रयोग पंख्याच्या चित्रावर केला. त्या वेळी सगळ्या स्लाइस बऱ्यापैकी सारख्या भाजल्या. नानकटाई वाऱ्यानं सुकते म्हणून पत्नी पंखा कधी वापरायची नाही, त्यामुळे हा फरक आमच्या लक्षातच आला नव्हता. स्लाइस बघून ती एवढंच म्हणाली, "म्हणजे पीठ नव्हतं तर."

दुसऱ्या दिवशी काका आले. आधी जिन्यातल्या पेटीत जाऊन ओव्हनचा एमसीबी पाडला. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून कधी ओव्हन उघडायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं. ओव्हन पूर्ण गार असल्याची खात्री केली. दार उघडलं की चौकटीच्या दोन्ही बाजूंना स्क्रू दिसतात, ते काढले. तीसेक किलोचं ते धूड मुलानं आणि त्यांनी दोघांनी मिळून पुढे ओढलं आणि स्टुलावर टेकवलं. मी टॉर्च धरला होता. कवीला इतपत काम जमतं.

काका काम करता करता समजावत होते. ओव्हनमधला आकडा म्हणजे अख्ख्या ओव्हनची उष्णता नव्हे. आत वरच्या बाजूला पेन्सिलीसारखी एक बारीक नळी असते, तो सेन्सर. आकडा फक्त त्या नळीच्या टोकाशी किती गरम आहे ते सांगतो. आमच्याकडे वरची कॉइल चालू होती, तिनं वरची हवा तापवली, सेन्सर म्हणाला झाले १८०, आणि टिंग वाजलं. खाली काय चाललंय याची त्याला खबरच नव्हती. तरी काकांनी सेन्सरही तपासला. आमच्या ओव्हनमधला सेन्सर शून्य अंशाला एक हजार ओहम दाखवणारा प्लॅटिनमचा होता. खोलीच्या हवेत तो अकराशेच्या आसपास असायला हवा. तेवढाच निघाला. "हा शहाणा आहे," काका म्हणाले.

मग खालची कॉइल. ती ओव्हनच्या तळाच्या पत्र्याखाली लपलेली असते, पण तिची दोन टोकं मागे निघतात. मागचा पत्रा काढला आणि काकांनी तोंडानं "च्च" केलं. एका टोकाला वायर जिथं जोडलेली असते, तिथली धातूची टोपी, जिला हे लोक थिंबल म्हणतात, ती काळी पडून तडकली होती. वायरचं टोक जळून सुटलं होतं. कॉइल मात्र शाबूत होती का? काकांनी मला हिशोब घातला. "कॉइलवर ११०० वॉट लिहिलंय. २३० गुणिले २३० किती?" मी कागदावर केलं, ५२,९००. "त्याला ११००नं भागा." ४८ आले. त्यांनी मीटरची टोकं लावली आणि मीटरवर ४८च्या जवळचा आकडा उमटला. खरं सांगतो, शाळेत गणिताचं उत्तर बरोबर आल्यावर जो आनंद मला कधीच मिळाला नाही, तो त्या दिवशी मिळाला. कॉइल ठणठणीत होती. एक टोक कॉइलला आणि दुसरं ओव्हनच्या पत्र्याला लावूनही त्यांनी पाहिलं. तिथं मीटरनं काहीच दाखवायला नको, आणि नाहीच दाखवलं. तिथं काही दाखवलं असतं तर कॉइलमधून वीज अंगावर उतरत होती असा अर्थ. ओव्हन लावल्याबरोबर घरची सगळी वीज पडत असेल तर हे दुखणं असू शकतं. तेव्हा तो पुन्हा पुन्हा लावून बघायचा नाही.

मी उत्साहानं म्हणालो, "काका, माळ्यावर पंख्याची वायर उरलीय, ती लावू या." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टॉर्च खाली केला. साध्या वायरचं प्लॅस्टिक ७० अंशांपर्यंतच टिकतं. इथं मागे त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. डाग देऊन जोडली तर डागही वितळेल. काकांनी काचेच्या धाग्याचं वेष्टण असलेली, उष्णता सोसणारी वायर आणली होती आणि निकेलचा मुलामा दिलेल्या टोप्या. जळकं टोक कापून, कॉइलचं टोक घासून स्वच्छ करून त्यांनी नवी टोपी पक्कडीनं घट्ट दाबून बसवली. दुसरं टोकही बदललं. "एक जळालं की दुसरंही दमलेलं असतं," म्हणाले.

मला वाटलं संपलं. पण काका कपाटाच्या पोकळीत डोकं घालून बसले होते. "हे जळालं का, ते बघायला नको?" म्हणाले. आमच्या सुतारानं कपाट देखणं दिसावं म्हणून मागची बाजू प्लायनं पूर्ण बंद केली होती. ओव्हनबरोबर आलेल्या कागदात मागे हवेला जागा सोडायची असं चित्रासकट दिलेलं होतं. तो कागद आमच्या ड्रॉवरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच आला नव्हता. गरम हवेला वाट नाही, म्हणून मागचं सगळं जरुरीपेक्षा जास्त तापत राहिलं. त्यात मूळची टोपी थोडी सैल. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, आणि एक दिवस जळतो. कधी कधी अशा कोंडलेल्या ओव्हनचा सुरक्षेचा कटआउट मध्येच पडतो आणि ओव्हन अर्ध्यावर गार होतो. काकांनी करवतीनं मागच्या प्लायला हातभर रुंद खिडकी पाडली आणि खालच्या फळीलाही चीर दिली.

ओव्हन जागेवर गेला. ओव्हन सुरू करण्याआधी काकांनी प्लगमधला दाब तपासला, २२८ व्होल्ट. "हे ठीक आहे," म्हणाले, "पण तुमच्या गावाकडं संध्याकाळी २०० मिळत असतील, तर कॉइलची ताकद पाव हिश्शानं कमी होते. तिथं ओव्हनला शिव्या घालू नका." वायर आणि टोप्यांचे साठ रुपये झाले, मजुरी सहाशे. मी आणखी देऊ लागलो तर म्हणाले, "नानकटाई झाली की एक डबा पाठवा."

पुढचं मला थोडक्यात सांगू द्या. मी माळ्यावर चढलो आणि परात काढली. बायको खाली उभी राहून म्हणत होती, "अहो, पडाल, राहू द्या." परात घासून तिच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "मी तुझ्या हाताला नाव ठेवलं. चुकलो." तीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी किती वेळा म्हणालो असेन, ते मोजायला बी.ए.चं गणितही पुरेल. ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात त्याचं नाही वाटलं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, त्याचं वाटलं." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

त्या संध्याकाळी ओव्हन चौदा मिनिटांत तापला. तापमापकाचा काटा १७५ आणि १८५च्या मध्ये झुलत राहिला. पहिला ट्रे बाहेर आला. तिनं एक नानकटाई उचलली, उलटी केली आणि तळ माझ्यासमोर धरला. फिकट बदामी, कोरडा, सगळीकडे सारखा. दिवाळीच्या ऑर्डरींपैकी निम्म्या तोवर दुसरीकडे गेल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत. डबा परत करणाऱ्या बाईंना मात्र पहिला डबा गेला. फीचा हप्ता डिसेंबरमध्ये नाही, जानेवारीत भरला, पण तिच्याच डब्यातून भरला. काकांचा डबा मी स्वतः तपकीर गल्लीत नेऊन दिला.

श्रोतेहो, तुमच्या घरी ओव्हन असेल किंवा नसेल. पण भात कच्चा राहिला, कपड्याला इस्त्री बसली नाही, टाइप केलेलं पत्र बिघडलं, की आपण पहिलं बोट माणसाकडे दाखवतो, आणि तेही बहुतेक वेळा घरातल्या बाईकडे. यंत्रावरचा आकडा मात्र आपण देववाणीसारखा मानतो. आकडा खोटं बोलत नाही, पण तो जिथं बसलाय तेवढंच सांगतो. जो रोज त्या यंत्रापाशी उभा असतो, त्याला पूर्वी किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो हे माहीत असतं. त्याला आधी विचारा. मग वीज, घड्याळ, बटणाचं चित्र, दाराची पट्टी बघा. मग साडेतीनशे रुपयांचं तापमापक. आणि ओव्हन उघडायची वेळ आली तर जाणता मिस्त्री बोलवा, स्वतः टॉर्च धरा.

आमचं तापमापक अजून मधल्या जाळीला टांगलेलं आहे. पत्नी ते क्वचितच बघते. मी मात्र रोज बघतो.